दुपारी बदलणारी तारीख

काटासाहेबांना राग यायला कारण लागत नसे, पण कारण मिळालंच तर ते त्याचं सोनं करत.

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली. दुकानात शिरायचं, तराजूचं पारडं उलटं करून खाली चिकटवलेला मेणाचा गोळा शोधायचा, वजनाच्या बुडातलं शिसं खरवडलंय का ते बघायचं, आणि सापडलं की पंचनामा. अशा कामात माणूस दोहोंपैकी एक होतो. एक तर तो जगाकडे काणाडोळा करायला शिकतो, नाही तर त्याला घरच्या डब्यातसुद्धा खोट दिसायला लागते. काटासाहेब दुसऱ्या प्रकारात मोडायचे. सख्ख्या चुलतभावाच्या दुकानाला त्यांनी सकाळी सील ठोकलं आणि संध्याकाळी त्याच्याकडेच जेवायला गेले, कारण आमंत्रण आधीचं होतं. भावाने वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. "मापात पाप याने केलं, आणि तोंड वाकडं माझ्याकडे बघून," असं ते घरी येईपर्यंत धुमसत होते. नोकरी सुटली तरी तराजूवरून पडलेलं हे नाव काही सुटलं नाही. गल्लीत ते काटासाहेब, आणि त्यांची बायको सगळ्यांची काकू.

निरोप समारंभात खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं असं लक्षात आल्यावर त्यांनी ते आठवड्याच्या आत शेजाऱ्याला देऊन टाकलं. शेजारी खूश झाला, कारण त्याला तसंही ऑफिसला उशीर व्हायचा. मग एक दिवस बाजारात, एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याच्या काचेच्या कपाटात, काटासाहेबांना ते मनगटी घड्याळ दिसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरच्या मालात खोट काढता येईना.

जुनं, स्टीलचं, रोज चावी द्यायचं घड्याळ. पण तबकडीवर दोन बारीक खिडक्या, एकीत वार, दुसरीत महिना. कडेने एक ते एकतीस आकडे आणि त्यांवरून रोज एकेक घर पुढे सरकणारा लाल टोकाचा वेगळाच काटा. खाली निळ्या आभाळात एक चंद्र, तोही रोज चिमूटभर हलणारा. वेळेखेरीज घड्याळ जे जे सांगतं त्याला शौकीन लोक कॉम्प्लिकेशन म्हणतात, हे काटासाहेबांनी घरी येऊन काकूंना समजावलं. "आपल्या घरात आधीची काय कमी होती?" एवढं विचारून काकू भाजी निवडायला बसल्या.

पण काटासाहेबांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ते म्हणत, तास-मिनिटं दाखवण्यात कसलं कौतुक, ती बिचारी सरळ असतात. खरी लबाडी महिन्यांची. कुणी तीसचा, कुणी एकतीसचा, एक तर अठ्ठाविसावरच हात वर करतो आणि दर चौथ्या वर्षी शब्द फिरवतो. चंद्र साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे कुठल्याच मापात न बसणारा. आणि या सगळ्या बेहिशेबी मंडळींना कुणी तरी बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत दातेरी चाकांवर बसवून रांगेत चालायला लावलं. "साडेएकोणतीसमधला अर्धा कुठे ठेवायचा, सांग बघू," ते काकूंना विचारत. काकूंना माहीत असे, कारण हे त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असे, पण त्या भाजीच निवडत राहत. "चाकाला दात पाडले एकोणसाठ, आणि चंद्र काढले दोन. एक वर आला की दुसरा मागे दडलेला. झाला की नाही अर्ध्याचा निकाल?" हे सांगताना त्यांचा आवाज दाटून यायचा. लेकीच्या पाठवणीच्या वेळी तो कोरडाठाक होता, हे काकूंनी बघून ठेवलं होतं.

घड्याळाचे लाडही तसेच होते. तिसांचा महिना संपला की घड्याळ आपलं एकतीस तारीख दाखवणार, मग एक तारखेच्या सकाळी ते दुरुस्त करायचं. टेबलावर पांढरं फडकं, हातात बांबूची बारीक काडी, कारण लोखंडी टोकाने कडेच्या छोट्या बटणावर चरा पडतो. संध्याकाळनंतर त्या बटणांना हात लावायचा नाही. तेव्हा तारीख बदलण्यासाठी आतले दात एकमेकांत गुंतत असतात, आणि दाबलं तर मोडतात. काटे उलटे फिरवायचे नाहीत. काटासाहेबांना सगळ्यांत आवडायचं ते मात्र साधंच होतं. चावी जराशी बाहेर ओढली की सेकंदाचा काटा जागच्या जागी उभा राहायचा, रेडिओच्या ठोक्याला पुन्हा आत दाबली की तिथून निघायचा. काकूंना त्यांनी ते इतक्यांदा दाखवलं होतं, की काकूंनी ते झोपेतही केलं असतं.

आणि सगळ्यात मोठा नियम, घड्याळ बंद पडू द्यायचं नाही. ते घरी आल्यापासून एकदाही पडलं नव्हतं. तापात, प्रवासात, लेकीच्या बाळंतपणात, रोज सकाळी दात घासायच्या आधी काटासाहेब चावी देत. काकूंचा चहा त्यानंतर.

महिन्याच्या पहिल्या रविवारी शौकीन मंडळी एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत जमत. दुकान ज्यांचं ते शेठ मंडळाचे यजमान. आजूबाजूला रंगाचे डबे आणि पाइपांचे तुकडे, मधोमध टेबलावर हिरवं कापड. दुसऱ्याचं घड्याळ हातात घ्यायचं तर आधी अंगठी काढायची, मग खुर्चीत बसायचं आणि मगच घ्यायचं, म्हणजे निसटलं तरी मांडीत पडेल. कुणाकडे सेकंद मोजणारं, कुणाकडे भुंग्यासारखं गुणगुणून उठवणारं. तासन्‌तास भिंग फिरायचं आणि एखादा नुसताच "वा" म्हणायचा. खालचा नोकरवर्ग त्यांना वेळकाढू मंडळ म्हणत असे.

कॅलेंडरवाल्या घड्याळांसाठी तिथे एक खास नियम होता, आणि तो आणणारे कोण हे सांगायला नको. ज्याचं बंद पडेल त्याने उभं राहून कधी आणि का पडलं ते सांगायचं, आणि ती बैठक दाराजवळच्या स्टुलावर बसून काढायची. एकदा मंडळातले दंतवैद्य उभे राहिले. शांत माणूस, आवाजही हळू. "माझं बंद पडलं," ते म्हणाले. "आई गेली त्या आठवड्यात." शेठ म्हणाले, "अहो, बसा, बसा. त्याचं काय एवढं."

"त्याचंच तर आहे," काटासाहेब म्हणाले. "आई गेली, वाईटच झालं. पण चावी द्यायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. नियम म्हणजे नियम." दंतवैद्य स्टुलावर जाऊन बसले. घरी जाताना काटासाहेबांना आपण तत्त्वाला धरून राहिलो याचं समाधान वाटत होतं.

काही महिन्यांनी एका सकाळी दूधवाल्याशी त्यांचा वाद लागला. माप भरताना दूधवाला फेसही धरत होता. "फेसाचे पैसे घेतोस? उद्या हवेचे घेशील," असं म्हणता म्हणता काटासाहेबांनी छातीवर हात ठेवला आणि ते पायरीवर बसले. दूधवाल्यानेच त्यांना उचलून रिक्षात घातलं. इस्पितळात तपासण्या झाल्या आणि बायपास करायचं ठरलं. घाई होती.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. अंगठी काढली, कवळी काढली. घड्याळ मात्र त्यांनी ट्रॉलीवर चढेपर्यंत हाताला ठेवलं. मग ते सोडून त्यांनी काकूंना खुणेने जवळ बोलावलं. काकू वाकल्या. त्यांचा कान तोंडाशी आल्यावर काटासाहेब बोळक्या तोंडाने म्हणाले, "रोज सकाळी चावी दे. अडकायला लागली की थांब, जोर लावू नकोस. आणि काही झालं तरी काटे उलटे फिरवायचे नाहीत."

काकू "बरं" म्हणाल्या. ट्रॉली हलली. काटासाहेबांना हलकं वाटलं. जे जे महत्त्वाचं होतं ते सगळं सांगून झालं होतं.

ते वाचले. बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी दहाच्या सुमारास लेक आणि जावई त्यांना घरी घेऊन आले. खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली. काकूंनी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ आणून हातात ठेवलं. काटासाहेबांनी ते आधी कानाला लावलं, मग डोळ्यांसमोर धरलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वेळ मिनिटाला मिनिट बरोबर. पण तारीख कालची, वारही कालचा, आणि चंद्रसुद्धा एका दिवसाने मागे.

"हे बंद पडलं होतं," ते म्हणाले.

"गोळी घ्या," काकू म्हणाल्या.

"चावी दिली होतीस का?"

"देत होते."

"रोज?"

"डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय," एवढं म्हणून काकू आत निघून गेल्या.

काटासाहेबांच्या छातीवर टाके होते, पण डोकं शाबूत होतं. नुसतं बटण चुकून दाबलं गेलं असतं तर एकच गोष्ट चुकली असती, एक तर तारीख, एक तर वार. इथे तिन्ही एकजुटीने मागे. म्हणजे घड्याळ थांबलं होतं आणि कुणी तरी नुसती वेळ लावून साळसूदपणे चालू करून ठेवलं होतं. वर कुणी ब्र काढला नव्हता. चोरी ती चोरी आणि वर मालाला पॉलिश. इतक्या वर्षांचा अखंड नेम, आणि यांना रोजचं अर्धं मिनिट झालं नाही. आपण आत मरणाशी झुंजत होतो आणि बाहेर हे लोक काय करत होते, वडे खात होते?

संशय कुणावर, हे त्यांना ठरवावं लागलं नाही. इस्पितळात पिशव्या सांभाळायला जावई होता. जावयाच्या हाताला ते काळं चौकोनी यंत्र, ज्याला रोज रात्री भिंतीला लावून झोपवावं लागतं. "चार्ज करावं लागतं ते घड्याळ नव्हे, तो पेशंट," असं काटासाहेबांनी त्याला साखरपुड्यातच ऐकवलं होतं. तेव्हा तो हसला होता. हसणाऱ्या माणसावर काटासाहेबांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

त्यांनी शेठना फोन केला. मंडळातले दोघे-चौघे तसेही संध्याकाळी बघायला येणार होते. "या," काटासाहेब म्हणाले, "भिंग घेऊन या." मग घड्याळ पुन्हा रुमालात गुंडाळलं, वर दोरा बांधला आणि पुरचुंडी उशीखाली ठेवली. जप्त केलेला माल पंच येईपर्यंत उघडायचा नाही, ही खात्यातली शिकवण. दुपारभर ते त्या उशीला टेकून पंचनाम्याचा मजकूर मनात जुळवत पडले होते. लेकीला वाटलं, बाबांना झोप लागली.

पाच वाजता शेठ, दंतवैद्य आणि आणखी एक-दोघे आले. जावई खुर्च्या आणत होता, लेक दाराशी उभी, काकू आत चहा टाकत होत्या. कशी तब्येत, काय म्हणतात डॉक्टर, हे सगळं काटासाहेबांनी हातानेच बाजूला सारलं. "ते नंतर. आधी हे बघा." त्यांनी सगळ्यांसमोर दोरा सोडला, रुमाल उलगडला आणि घड्याळ शेठच्या हातात दिलं. "तारीख बघा. वार बघा. चंद्र बघा. आणि मला सांगा, हा गुन्हा आहे की नाही."

शेठनी अंगठी काढली, बसले, भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. "काटासाहेब," ते जपून म्हणाले, "आजचीच तारीख आहे. वारही बरोबर."

काटासाहेबांनी घड्याळ हिसकावून घेतलं. तारीख आजची. वार आजचा. चंद्र जिथे हवा तिथे. त्यांनी भिंगातून बघितलं, भिंगाशिवाय बघितलं, मग चष्मा पुसून बघितलं.

"भूल दिल्यावर होतं असं," शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले. "माझ्या साडूला महिनाभर भिंतीवर मुंग्या दिसत होत्या." जावयाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. लपलं नाही.

"मला मुंग्या दिसत नाहीत," काटासाहेब म्हणाले. "मी सकाळी या डोळ्यांनी कालची तारीख बघितली आहे."

दंतवैद्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी घड्याळ मागून घेतलं. "सकाळी किती वाजता बघितलं होतंत?"

"दहा."

"मग तुमचं बरोबर आहे. आणि शेठचंही." दंतवैद्य हळूच म्हणाले, "याची तारीख दुपारी बाराला बदलते आहे."

मग त्यांनी ते सगळ्यांना समजावलं. तबकडी बारा तासांची, काटे दिवसातून दोन फेऱ्या मारतात. आपल्याला दोन्ही फेऱ्या सारख्याच दिसतात, पण आतल्या चाकांना माहीत असतं कुठली दिवसाची आणि कुठली रात्रीची, कारण रात्रीच्या बाराला त्यांना तारीख ढकलायची असते. घड्याळ बरेच तास थांबलं असणार. ज्याने ते पुन्हा चालू केलं, त्याने भिंतीवर बघून काटे तिथवर आणून ठेवले आणि सोडलं. एक फेरी राहून गेली. तेव्हापासून याची रात्र आपल्या दुपारी होते आहे. सकाळी बघाल तर काल, जेवण झाल्यावर बघाल तर आज. इलाज सोपा, काटे एक फेरी पुढे न्यायचे.

"ऐकलंत?" काटासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "थांबलं होतं! तासन्‌तास थांबलं होतं. म्हणे मुंग्या!" ते जावयाकडे वळले. "बोला, जावईबापू. पिशवी तुमच्याकडे होती ना?"

"मी हातसुद्धा लावला नाही, बाबा," जावई म्हणाला.

"तेच तर. हात लावला नाहीत. रोज एकदा हात लावायचा होता. तेवढं एक काम."

"बाबा, पुरे झालं," लेक मध्ये पडली. "तुम्हाला रक्त लागलं ते यांनी दिलं. चार दिवस हे घरी आले नाहीत, बाकावर झोपले."

"रक्ताचं मी बोलतच नाहीये. मी चावीचं बोलतोय. किती वेळ लागतो चावी द्यायला? अर्धं मिनिट!"

दंतवैद्यांनी हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला, कप सगळ्यांच्या पुढे सरकवले, आणि मग म्हणाल्या, "त्याला बोलू नका. घड्याळ मी बंद केलं."

"विसरलीस म्हण ना," काटासाहेब म्हणाले.

"विसरले नाही. मुद्दाम केलं."

काकू चारचौघांत कधी बोलत नसत. म्हणून असेल, कुणीच कपाला हात लावला नाही. त्या काटासाहेबांकडे बघत नव्हत्या, शेठकडे बघून बोलत होत्या, जसं काही तक्रार त्यांच्याकडे नोंदवायची होती.

"यांना आत नेलं. दार लागलं. माझ्या एका हातात यांची कवळी, एका हातात हे. डॉक्टर सांगून गेले होते, हृदय थोडा वेळ बंद ठेवतात, यंत्रावर काम चालवतात, मग पुन्हा सुरू करतात. बहुतेक होतं सुरू, म्हणाले. बहुतेक. आणि हे आपलं माझ्या मुठीत चाललंय टिकटिक, टिकटिक. मी आठवायला बसले, की हे जाताना माझ्याशी काय बोलले. चावी दे. जोर लावू नकोस. उलटे फिरवू नकोस. एवढा संसार झाला. ते शेवटचं ठरलं असतं तर मी जन्मभर तेवढंच घेऊन बसले असते. माझं बीपी आहे, माझे गुडघे आहेत, मागे मी एकटी काय करणार, यातलं काही नाही. नुसतं 'येतो' म्हणायला काय लागत होतं? त्याला तर अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही."

काटासाहेबांनी पाठीमागची उशी सरळ केली.

"मग मला राग आला," काकू म्हणाल्या. "असा राग मला कधी आला नव्हता. ओढली चावी बाहेर. थांबलं ते. म्हटलं, हे बाहेर आले तर तूही चाल. नाही आले तर तुला तरी कशाला चालायला हवंय? दुसऱ्या दिवशी पहाटे यांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. तेव्हा मी बाहेर आले, भिंतीवर बघून काटे लावले आणि चावी आत दाबली. पुढेच फिरवले. उलटे नाही फिरवले, सांगितलं होतं ना." आता त्यांनी काटासाहेबांकडे पाहिलं. "करा पंचनामा. पंच बसलेच आहेत."

शेठनी गरम चहा एका घोटात संपवला आणि जीभ भाजली तरी हूं केलं नाही. मंडळी भराभर उठली. लेक-जावई त्यांना सोडायला खाली गेले ते बराच वेळ वर आले नाहीत.

काटासाहेबांना आधी रागच आला, हे लपवण्यात अर्थ नाही. घरातली गोष्ट चारचौघांत सांगायची? मला एकट्याला सांगता आली नसती? असली कारणं त्यांनी दुकानदारांच्या तोंडून फार ऐकली होती. साहेब, लोकांसमोर कशाला, आत चला ना. ते आठवलं आणि त्यांच्या रागाचे पाय लटपटायला लागले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पारडी उलटी करून पाहिली होती. आज काकूंनी त्यांचं पारडं उलटं करून दाखवलं होतं, आणि खाली चिकटवलेला गोळा सगळ्यांना दिसला होता. त्यांना लाज वाटली, इतकी की टाके दुखले.

काकू गोळ्या वेळेवर देत होत्या, जेवण वाढत होत्या, कामापुरतं बोलत होत्या. घड्याळ टेबलावर पडून होतं. काटासाहेबांनी दुसऱ्या सकाळी त्याला चावी दिली नाही, तिसऱ्याही नाही. ते आपोआप थांबलं. काकूंनी केर काढताना ते उचललं, पुसलं आणि परत ठेवलं.

जिने चढायची परवानगी मिळाल्यावर काटासाहेब पहिल्या रविवारी मंडळात गेले. सगळे बसले, पण ते उभे राहिले. "माझं बंद पडलं," ते म्हणाले.

"अहो, तुमचं आजारपण होतं," शेठ घाईने म्हणाले. "ते कुणी धरत नाही."

"का धरत नाही? यांच्या आईच्या वेळी मी धरलं होतं." त्यांनी दंतवैद्यांकडे बोट केलं. "माझ्या बायकोने बंद केलं. तिचं काही चुकलं नाही. चुकलं असेल तर एवढंच, की फार उशिरा केलं." मग ते दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने दंतवैद्य आपली खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी आले. काटासाहेब खाली बघत म्हणाले, "तेव्हा मी तुम्हाला जे बोललो, ते फार वाईट बोललो."

"हो," दंतवैद्य म्हणाले. जाऊ द्या, असं ते म्हणाले नाहीत. पण बैठक संपेपर्यंत तिथून उठलेही नाहीत.

घरी येऊन काटासाहेबांनी घड्याळ चालू केलं. पांढरं फडकं अंथरलं आणि काडी काकूंच्या हातात दिली. काकू म्हणाल्या, "मला पोळ्या लाटायच्या आहेत." काडी त्यांनी परत केली. एवढ्यावर मिटेल असं आपल्याला वाटलंच कसं, यावर काटासाहेब थोडे रागावले, पण स्वतःवरच.

पुढे एकदा नळी घालून हृदय तपासायचं निघालं. मोठं काही नाही, डॉक्टर म्हणाले, पण नाही म्हटलं तरी धोका असतोच. तीच इमारत, तोच कॉरिडॉर. काटासाहेब ट्रॉलीवर, कवळी काढलेली. त्यांनी पट्टा सोडला आणि घड्याळ काकूंपुढे धरलं. काकूंनी हात पसरला. चेहरा असा, की त्यावर काही वाचता येऊ नये.

"सांगा," काकू म्हणाल्या. "चावी कधी द्यायची?"

ट्रॉलीवाला पुढे ढकलायला लागला. "चला काका, उशीर होतोय."

"थांब रे," काटासाहेब त्याच्यावर खेकसले. "बायकोशी बोलतोय ना मी. कळत नाही?"

ट्रॉलीवाला थांबला. काटासाहेबांनी काकूंकडे पाहिलं. आता बोलायला हवं होतं, आणि त्यांच्यापाशी शब्दच नव्हते. पंचनाम्याचे होते, भांडणाचे तर ढीगभर होते. या कामाचा एकही नव्हता. काकू वाट बघत होत्या. शेवटी ते चिडल्यासारखे म्हणाले, "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. खाली कँटीन आहे. इथे बाकावर बसून राहू नकोस, आधी जेवून घे."

"आणि हे?" काकूंनी मूठ दाखवली.

"राहू दे. पडू दे बंद."

ट्रॉली निघाली. दाराच्या तोंडाशी गेल्यावर काटासाहेबांनी मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना, म्हणून ते छताकडे बघूनच ओरडले, "येतो गं!" बोळक्या तोंडातून निघालेली ती हाक सबंध कॉरिडॉरला ऐकू गेली. बाकावरची दोन माणसं दचकून बघायला लागली.

दार लागलं. काकू बाकावर बसल्या नाहीत. मग त्यांनी मूठ उघडली, घड्याळाला चावी दिली, अडकेपर्यंत, जोर न लावता, आणि कँटीनचा जिना उतरू लागल्या.